तीन कागद, एक नाव : किसान हप्ता खात्यावर येईपर्यंतची वाट

आबा गेले २०२१ च्या पावसाळ्यात. त्यांच्या नावावर पीएम किसानचा हप्ता चालू होता. तो बंद करून आईच्या नावावर चालू व्हायला एक वर्ष आणि दोन महिने लागले. त्यातले चार महिने सरकारी कामाचे धरले, तर उरलेले दहा माझ्या घाईचे. कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, हेच मला ठाऊक नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यात भोगावतीकाठी आमची ५० आर जमीन, म्हणजे सव्वा एकराला थोडी कमी. तेवढ्यासाठी मी चावडी (तलाठ्याचं कार्यालय), सेतू (सरकारी दाखल्यांचं केंद्र), बँक आणि आधार केंद्र असे किती हेलपाटे घातले याचा हिशेब ठेवला नाही, कारण ठेवला असता तर मध्येच सोडून दिलं असतं.

तुम्ही पहिल्यांदाच या वाटेला जात असाल, वारसाने जमीन नावावर आली असेल किंवा आई-वडिलांचं काम तुमच्या अंगावर पडलं असेल, तर खालच्या क्रमाने जा. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

१. कुठले पैसे हवेत ते आधी ठरवा

गावात सगळ्याला एकच शब्द, 'अनुदान'. पण वाटा वेगळ्या आहेत.

पीएम किसान ही केंद्राची योजना. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते, चार-चार महिन्यांनी. नमो शेतकरी महासन्मान निधी राज्याचा, त्याचेही वर्षाला ६,००० आणि तेही तीन हप्त्यांत. नमोला वेगळा अर्ज नाही. पीएम किसानमध्ये तुम्ही पात्र असाल तर तुमचं नाव तिकडे आपोआप जातं. 'नमोचा फॉर्म भरून देतो, पाचशे द्या' म्हणणारा कुणी भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

ठिबक, पॉवर टिलर, ट्रॅक्टर, फळबाग यांचं अनुदान महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून मिळतं. पुराची भरपाई महसूल खात्याकडून येते. तिघांनाही लागणारा पाया मात्र एकच आहे आणि पुढच्या पायऱ्या त्या पायाच्याच आहेत.

२. आपण यात बसतो का?

पीएम किसानचे पैसे कुटुंबाला एकदाच मिळतात. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन असली तरी हप्ता एकालाच. दोघांनीही घेतला असेल तर आज ना उद्या पडताळणीत सापडतंच, आणि घेतलेले पैसे परत भरावे लागतात.

मागच्या कर आकारणी वर्षात आयकर भरला असेल, सरकारी नोकरी असेल (चतुर्थ श्रेणी सोडून) किंवा महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असेल (इथेही चतुर्थ श्रेणीचे सोडून), तर तुम्ही बसत नाही. आजी-माजी आमदार-खासदार बसत नाहीत. व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए बसत नाहीत.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे आणि माझा आयकर कापला जातो, म्हणून मी बाद. पण आई बाद होत नाही, कारण सज्ञान मुलगा तिच्या कुटुंबाच्या व्याख्येत येत नाही. ही गोष्ट मला तिसऱ्या माणसाने सांगितली. पहिल्या दोघांनी 'पोरगा टॅक्स भरतोय न्हवं, मग काय मिळत न्हाई' म्हणून परत पाठवलं होतं.

आणखी एक अट आहे, १ फेब्रुवारी २०१९ ची. त्या तारखेला जमीन तुमच्या नावावर असली पाहिजे. त्यानंतर विकत घेतलेल्या किंवा बक्षीसपत्राने आलेल्या जमिनीवर हप्ता मिळत नाही. खातेदार वारला आणि वारसाने जमीन आली, तरच सूट.

३. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, हे डोळ्यांनी बघा

'आमचीच जमीन हाय की' हे उत्तर चालत नाही. आपल्या भागात दोन ठिकाणी गाडी अडकते.

पहिलं ठिकाण 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा गेल्यावर थोरल्या चुलत्याचं नाव या शेऱ्यासह लागलेलं असतं. तीन भावांच्या वाटण्या तोंडी झालेल्या, प्रत्येकजण आपापल्या फडातला ऊस आपापल्या नावाने कारखान्याला घालतो, पण कागदावर मालक एकटे थोरले. मग हप्ताही एकट्या थोरल्यांना. धाकट्या दोघांना काहीच नाही, आणि याची जाणीव त्यांना शेजाऱ्याच्या मोबाईलवर मेसेज वाजल्यावर होते. यावर उपाय म्हणजे हा शेरा कमी करून सगळ्यांची नावं लावून घेणं. त्यासाठी चावडीत अर्ज करावा लागतो, आणि त्याआधी थोरल्यांशी नीट बोलावं लागतं. दुसरं काम जास्त अवघड.

दुसरं ठिकाण वारस नोंद. घरचा कर्ता गेला की तीन महिन्यांत नोंदीचा अर्ज द्यायचा. तो ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी, गावात आजही 'तलाठी आण्णा'च) किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन देता येतो. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) जोडायचे. अर्ज आला की फेरफार (नाव बदलाची नोंद) धरला जातो, नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात, मग सातबाऱ्यावर नावं येतात. बहिणींची नावं गाळू नका. 'तिला कशाला, ती सासरी गेली' म्हणून गाळलेलं नाव पुढे हरकत होऊन उभं राहतं आणि मग सगळंच थांबतं. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला शासनाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. तुमच्या गावात आजोबा-पणजोबांची नावं अजून तशीच असतील तर चावडीत त्या नावानेच विचारा, लगेच कळतं.

सातबारा बघायला फुकट मिळतो, पण अर्जाला जोडायला डिजिटल सहीचा घ्या. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो आणि त्यावर वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नसते.

४. तिन्ही कागदांवर एकच नाव

माझे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले.

आबांचं नाव सातबाऱ्यावर 'ज्ञानू'. आधारवर 'ज्ञानदेव'. शाळेच्या दाखल्यावरही ज्ञानदेवच. ते हयात असताना याचा कुणाला त्रास झाला नव्हता. ते गेले, मी वारस नोंदीचा अर्ज भरला आणि सातबारा बघून बघून आईचं नाव लिहिलं : सोनाबाई ज्ञानू. आईच्या आधारवर सोनाबाई ज्ञानदेव. आणि बँकेच्या जुन्या पासबुकावर आक्काताई! खातं काढायला गेली तेव्हा साहेबांनी नाव विचारलं, तिने घरात हाक मारतात ते सांगितलं. एका बाईची तीन नावं, आणि संगणकाला तिघी वेगळ्या.

तर तुम्ही असं करा. एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहा : सातबाऱ्यावरचं नाव, आधारवरचं, पासबुकावरचं. अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधारवरचं इंग्रजी नावही बघा, कारण नोंदणीच्या अर्जात तेच घालावं लागतं. तिथे एक 'एच' कमी-जास्त झाला तरी आधार पडताळणी नापास होते.

फरक निघाला तर काय बदलायचं? आधारवरचं नाव बरोबर असेल तर त्याला हात लावू नका. आधारवर नाव बदलायची मुभा आयुष्यात दोनदाच आहे, जन्मतारीख तर एकदाच. आधी बँकेतलं नाव बदला. ते सगळ्यात सोपं, आधारची झेरॉक्स आणि एक फॉर्म. सातबाऱ्यावर लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. जुना फेरफार, हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल आणि शाळेचा दाखला सोबत लावा. याला वेळ लागतो, आमचे साडेतीन महिने गेले. वारस नोंदीच्या अर्जातच मी आईचं नाव आधारप्रमाणे घातलं असतं आणि 'ज्ञानू ऊर्फ ज्ञानदेव' असं प्रतिज्ञापत्र जोडलं असतं, तर हे साडेतीन महिने वाचले असते. ज्यांची वारस नोंद अजून व्हायची आहे त्यांनी एवढं एक वाक्य तरी लक्षात ठेवा.

५. शेतकरी ओळख क्रमांक

अ‍ॅग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद केली की ११ अंकी क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना तो लागतोच. आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि आठ-अ घेऊन सीएससी, म्हणजे ऑनलाइन सरकारी कामांच्या केंद्रात जा, बसल्या जागी अर्ज होतो. एका गोष्टीकडे लक्ष द्या. तुमची जमीन दोन गावांत असेल तर दोन्हीकडचे गट जोडायला सांगा. केंद्रवाला गर्दीत पहिला गट जोडून मोकळा होतो, मग दुसऱ्या गावच्या शेतातल्या ठिबकचा अर्ज अडतो.

६. पिशवीत काय असावं

कापडी पिशवी नको. प्लॅस्टिकची घ्या, पावसाळ्यात सेतूसमोर रांग बाहेर असते.

डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ, वारसाचा फेरफार आणि मृत्यूचा दाखला (वारस असाल तर), स्वतःचं, नवऱ्याचं किंवा बायकोचं आणि लहान मुलांचं आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, आणि आधारला जोडलेला मोबाईल, चार्ज केलेला. मोबाईल पोराकडे पुण्याला आणि ओटीपी त्याच्याकडे, तो कामावर, फोन उचलत नाही. हे दर रांगेत एकदा तरी बघायला मिळतं.

७. नोंदणी

पीएम किसानच्या संकेतस्थळावर स्वतः करता येते किंवा सीएससी केंद्रातून. जिल्हा, तालुका, गाव निवडताना डोळे उघडे ठेवा. एकाच नावाची गावं आपल्याच जिल्ह्यात दोन-दोन तालुक्यांत आहेत, आणि चुकीच्या तालुक्यात गेलेला अर्ज तिथल्या कार्यालयात कुणी ओळखत नाही. जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आली असेल तर कारण 'वारसा' निवडा आणि फेरफाराची तारीख घाला. इथे घाईत 'खरेदी' वर बोट पडलं तर अर्ज थेट बाद.

अर्ज तालुका, जिल्हा, राज्य असा वर जातो. नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा. मोबाईलमध्ये फोटो आहे म्हणू नका, मोबाईल पाण्यात पडतो.

मयत माणसाच्या नावाने हप्ता येत राहिला तर तो खर्चू नका. आबांच्या खात्यावर ते गेल्यानंतर एक हप्ता पडला. आम्ही तो तसाच ठेवला आणि तालुक्याला अर्ज देऊन परत केला. गावात कुणाकुणाला नंतर नोटिसा आल्या, तेव्हा त्याचं महत्त्व कळलं.

८. पैसे आधारच्या वाटेने येतात

अर्ज मंजूर झाला. हप्ता सुटल्याची बातमी आली. आईच्या खात्यावर मात्र शून्य. चार महिन्यांनी दुसरा हप्ता सुटला, तरी शून्य. संकेतस्थळावर बघितलं तर दोन्ही हप्ते 'जमा' दाखवतंय.

बँकेच्या खिडकीवर मी जवळजवळ भांडलोच. आतल्या एका जुन्या कारकुनांनी बाजूला बोलावलं. म्हणाले, "पासबुक घेऊन येता, आधार कुठं जोडलंय ते बघता का?" त्यांनी आधारच्या संकेतस्थळावर आईचा क्रमांक घातला, ओटीपी आला, आणि 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये भलत्याच बँकेचं नाव. आईने ते नाव जन्मात ऐकलं नव्हतं. मग आठवलं. काही वर्षांपूर्वी आठवडी बाजारात सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला होता. एक सिमचा, आणि दुसरा तिच्या नकळत काढलेल्या खात्याचा. ४,००० रुपये तिथे सुखरूप पडून होते.

खात्याला आधार 'लिंक' असणं आणि 'सीडिंग' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक तुम्ही पाच बँकांत करू शकता. सीडिंग म्हणजे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत तुमच्या आधारपुढे कुठल्या बँकेचं नाव आहे ते, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते, शेवटी जोडलेली. सरकार पैसे आधार क्रमांकावर पाठवतं, अर्जात लिहिलेला खाते क्रमांक त्यात बघितला जात नाही. नवीन खातं काढताना सहीच्या गठ्ठ्यात तो फॉर्मही असतो, तुम्ही सही करता आणि हप्त्याची वाट बदलते.

म्हणून आधी स्टेटस बघा. बँक चुकीची असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असे शब्द वापरून (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यावर) फॉर्म द्या. नुसतं 'आधार जोडा' म्हणालात तर नुसतं लिंक करून देतील. आठवड्याने पुन्हा स्टेटस बघा. म्हाताऱ्या माणसांना बँकेपर्यंत जाणं होत नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊन, अंगठ्यावर, आधार सीडिंगसह उघडून देतात. आमच्या गल्लीत चार जणांचा प्रश्न असाच सुटला.

९. केवायसी, आणि तीन ठिकाणी 'होय'

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, तीन प्रकारे होतं : ओटीपीने, केंद्रात अंगठ्याने, किंवा पीएम किसानच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून. नाचणी-भात काढून काढून बोटांच्या रेषा गेलेल्या बायकांचा अंगठा मशीन घेत नाही. त्यांच्यासाठी चेहऱ्याचा मार्ग बरा. उजेडाकडे तोंड करून बसवा, आणि डोक्यावरचा पदर कपाळाच्या थोडा मागे.

मग स्टेटस उघडा आणि तीन ओळी बघा : जमिनीची नोंद, ई-केवायसी, आधार-बँक सीडिंग. तिन्हीपुढे 'होय' हवं. जमिनीपुढे 'नाही' असेल तर तालुक्याला जा, सातबारा आणि आठ-अ घेऊन. केवायसी 'नाही' असेल तर केंद्रात. सीडिंग 'नाही' असेल तर बँकेत. लोक तिन्हीसाठी तलाठ्याच्याच दारात बसतात आणि शिव्याही त्यालाच.

हप्त्याच्या आदल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल (मोबाईलवर अ‍ॅप बसवणारी) फिरते. ती उघडू नका. त्यातून मोबाईलवरचे ओटीपी परस्पर वाचले जातात आणि खातं रिकामं होतं. हप्त्यासाठी कुठलीही फाईल लागत नाही.

१०. अवजार किंवा ठिबक घ्यायचं असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण यात मुख्य खड्डा एकच आहे : पूर्वसंमती यायच्या आधी खरेदी केली तर अनुदान नाही.

महाडीबीटीवर शेतकरी क्रमांकाने लॉगिन, बाब निवडायची, २३ रुपये ६० पैसे शुल्क भरायचं. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी. निवड झाली की कोटेशन आणि कागद चढवायचे, पूर्वसंमती आली की मगच दुकानात जायचं. दुकानदाराला पैसे तुमच्या खात्यातून द्या, रोख नको. जीएसटीचं बिल चढवा, मग कृषी खात्याची माणसं मोका (जागेवरच्या) तपासणीला येतात, शेतात उभं करून फोटो घेतात. ठिबकला अल्प आणि अत्यल्प भूधारकांना केंद्र-राज्य मिळून ८० टक्के, इतरांना ७५ टक्के, पाच हेक्टरच्या मर्यादेत. टक्के ठरलेल्या खर्चावर मोजतात, तुमच्या बिलावर नाही. दुकानदार 'ऐंशी टक्के परत' म्हणतो तेव्हा हे त्याला माहीत असतं.

११. पुराच्या भरपाईचं

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. पाणी उतरल्यावर काय करायचं हे मात्र मोठ्यांनाही नसतं.

पाणी शेतात असतानाच फोटो काढा, तारीख आणि ठिकाण दिसेल असे. ई-पीक पाहणी (मोबाईलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) आधीच केलेली हवी. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर नुकसान कशाचं लिहायचं, असा प्रश्न पंचनाम्याला येणारे विचारतात, आणि त्यांचंही बरोबर असतं. महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत अशा तिघांचा मिळून पंचनामा होतो. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. यादी लागली की तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक येतो. केवायसी मागितली असेल तर तो घेऊन सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात अंगठा द्यायचा. अंगठा देण्याआधी पडद्यावरचं क्षेत्र वाचा. पन्नास आरचे पाच आर झालेले मी बघितलेत, आणि अंगठा दिल्यावर ते दुरुस्त करणं म्हणजे पुन्हा चौथ्या पायरीवर जाणं.

१२. अडकलं तर

पीएम किसानची हेल्पलाइन १५५२६१. सकाळी लवकर लावा. नोंदणी क्रमांक हाताशी ठेवून एकाच वाक्यात बोला : 'सीडिंग होय आहे, केवायसी होय आहे, अमुक हप्ता आला नाही.'

कार्यालयात तोंडी सांगून परत येऊ नका. एक पानाचा अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती घरी आणा. माझे पहिले तीन हेलपाटे 'बघतो, या पुढच्या आठवड्यात' यावर गेले. चौथ्या वेळी पोहोच घेतली, आणि पुढच्या वेळी आवक क्रमांक सांगितल्याबरोबर समोरच्याने रजिस्टर उघडलं.

आईचे पैसे आता पोस्टाच्या खात्यावर येतात. मेसेज माझ्या मोबाईलवर येतो, पण तिला तो पटत नाही. पोस्टमन दारात आला की ती अंगठा देऊन दोन हजार हातात मोजून घेते आणि मगच म्हणते, "हां, आला बघ."